बुधवारी सगळ्यांनाच खुर्ची हवी

ऑफिसात माझं पद ‘प्रशासन अधिकारी’ असं आहे. कार्डावर ते बरं दिसतं. खरं म्हणजे मी ऑफिसचं घर सांभाळते. पाण्याचे जार आले का, एसीत गॅस भरायचा आहे का, बाथरूमच्या नळाला पाणी का नाही, खुर्चीचं चाक कोणी मोडलं, हे सगळं बघणारी बाई म्हणजे मी. आमची कंपनी पुण्याची. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायची आणि शेरा मारून पुढे पाठवायची, हे आमचं काम. जळगावात कंपनीचं मोठं ऑफिस आणि धुळ्याला एक छोटं. जळगावचं ऑफिस दोन मजल्यांवर होतं. तळाला पंखे-मिक्सरचं दुकान आणि त्याच्या डोक्यावर आम्ही.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांच्या घरी कॉम्प्युटर पोचवले ते मीच. रिक्षात मॉनिटर मांडीवर धरून मी गावभर हिंडले होते. पुढे लोकांना परत बोलवायची वेळ आली तेव्हा ठरलं, की आठवड्यातले निम्मे दिवस ऑफिसात यायचं आणि निम्मे दिवस घरून काम करायचं. पुण्याहून त्याचं नाव आलं, हायब्रीड. माझे वडील, आबा, फैजपूरला असतात आणि केळी करतात. फोनवर त्यांना सांगितलं की आमचं ऑफिस आता हायब्रीड झालं, तर ते म्हणाले, “म्हणजे उत्पन्न वाढणार, का नुसतीच खतं जास्त लागणार?” मी हसले. तेव्हा मला या गोष्टीचं हसू येत होतं.

मग एका जानेवारीत साहेबांचा फोन आला. साहेब पुण्याला बसतात आणि जळगाव-धुळं दोन्ही त्यांच्याकडे आहे. माणूस वाईट नाही. आवाज कधी चढवत नाहीत आणि दिवाळीला आठवणीने फोन करतात. पण ते सगळं तक्त्यात बघतात. थंब मशीनवर रोज जेवढे अंगठे लागतात त्यांची सरासरी त्यांनी काढली होती, आणि तिच्यानुसार आमच्या निम्म्या खुर्च्या कायम रिकाम्या असतात असं निघालं होतं. म्हणून वरचा मजला सोडून द्यायचा आणि सगळ्यांना खालच्या मजल्यावर बसवायचं. यापुढे कोणाचं असं टेबल राहणार नाही. येईल त्याने मोकळ्या जागी बसायचं आणि संध्याकाळी टेबल स्वच्छ करून जायचं. मी म्हटलं, सगळे एकाच दिवशी आले तर? ते म्हणाले, तसं होत नाही, सरासरी बघा. आता सरासरी खुर्चीवर येऊन बसत नाही, माणसं बसतात, हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. सुचलं ते फोन ठेवल्यावर.

वरचा मजला रिकामा करायला मला आठवडा लागला. टेबलांचे खण उघडले तर कंगवे, मुदत संपलेल्या गोळ्या, लिंबाच्या लोणच्याची बाटली, शाळेतल्या लेकराचे पासपोर्ट फोटो, एक नवीकोरी साडी, लग्नपत्रिका, असलं काय काय निघालं. मी फोन करकरून ज्याचं त्याला न्यायला लावलं. एक मुलगी आपला खण रिकामा करता करता रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं, नोकरी कुठे गेली आहे, टेबलच तर गेलं. ती म्हणाली, घरीही मला टेबल नाही, मॅडम. मी तिला पिशवी आणून दिली.

मग वाटणी सुरू झाली. मी सगळ्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वार दिले. फोनवरच्या मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून एकेक जण मला बाजूला घेऊन बोलायला लागला. सोमवार नको, कारण शनिवार-रविवार गावी गेलेला माणूस सोमवारी दुपारीच परततो. शुक्रवार नको, कारण गावी निघायचं असतं. मंगळवारी एकीचा मुलगा शाळेतून लवकर घरी येतो. गुरुवारी कोणाचा उपास, कोणाचं दत्ताचं देऊळ. फिरून फिरून सगळे बुधवारवर येऊन थांबायचे. त्यात निम्म्या कॉलन्यांमध्ये दुरुस्तीसाठी म्हणून बुधवारीच लाइट जायची, आणि घरी लाइट नाही म्हटल्यावर माणूस ऑफिस गाठणारच. पुण्याची मोठी मीटिंगही बुधवारीच असायची. बुधवारी आपण ऑफिसात दिसलो म्हणजे आठवडाभराची हजेरी लागली, असं सगळ्यांच्या मनात बसलं होतं.

पुण्याहून मोबाइलवर जागा आधी धरून ठेवायची सोय आली. झालं असं की लोकांनी पुढच्या सगळ्या बुधवारच्या जागा धरून ठेवल्या. धरणारे यायचे नाहीत, आणि न धरणारे येऊन बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, खुर्ची रिकामी होती म्हणून बसलो. बुधवारी सकाळी मी दारात उभी राहायचे ती लग्नाच्या पंगतीत वाढप्या उभा राहतो तशी. तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे, तुम्ही जरा थांबा, ही पंगत उठू द्या. जिन्यात बसून लॅपटॉप चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. पँट्रीत मायक्रोवेव्हशेजारी बसून एका बाईने अख्खा दिवस काढला, आणि डबे गरम करायला येणारा प्रत्येक जण तिला ‘जरा सरकता का’ म्हणत राहिला. गुरुवारी त्याच हॉलमध्ये मी आवाज दिला तर तो घुमायचा.

या सगळ्यात एकच खुर्ची कोणाला मिळत नव्हती, ती नानांची. नाना हिशेब विभागातले, निवृत्तीला आलेले, आमच्यातले सगळ्यात जुने. ते रोज यायचे. घरून काम करायची सवलत त्यांनी एक दिवसही घेतली नाही. खिडकीकडच्या कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. तिच्यावर बायकोने शिवून दिलेली गादी होती, आणि ती गादी ते खुर्चीच्या पाठीला नाड्यांनी गाठी मारून बांधून ठेवायचे. संध्याकाळी टेबल स्वच्छ ठेवायचा नियम मी त्यांना तीनदा सांगितला. ते म्हणाले, “टेबल स्वच्छच आहे. गादी खुर्चीवर आहे.” तरुण पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन यायची, की नियम फक्त आम्हालाच का. त्यांचं चूक नव्हतं. पण नानांच्या गाठी सोडायला मी हात घातला नाही. त्या सुटल्याही नसत्या.

मार्च संपता संपता धुळ्याचा नंबर लागला. धुळ्याचं ऑफिस म्हणजे आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. तिथे सात-आठच माणसं. साहेबांचं म्हणणं, एवढ्याशा लोकांसाठी वेगळी जागा कशाला, त्यांनी घरून काम करावं आणि बुधवार-शुक्रवार जळगावला यावं. बुधवार हा शब्द ऐकूनच मी डोक्याला हात लावला. शुक्रवार द्या, सोमवार द्या, बुधवार नको, असं मी परोपरीने सांगितलं. पण बुधवारी मोठी मीटिंग असते आणि धुळ्याच्या लोकांनाही त्यात सामील झाल्यासारखं वाटलं पाहिजे, असं उत्तर आलं.

धुळ्याच्या ऑफिसात सगळ्यात जुन्या एक बाई आहेत. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते, वयाने त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असल्या तरी. ते ऑफिस उघडलं तेव्हापासून त्या तिथे आहेत. देवपूरला घर, घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. बातमी कळल्यावर त्यांचा मला फोन आला. त्या म्हणाल्या की लॉकडाऊनमध्ये ओट्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्याने काम करून त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. घर भरलेलं आहे, कोणी वाईट नाही, पण सासू घरात आहे म्हटल्यावर तिला चहा विचारल्याशिवाय कोणाला राहवत नाही आणि तिने काही निवडून-चिरून दिल्याशिवाय तिला राहवत नाही. त्या दोन खोल्या राहू द्या एवढं साहेबांना सांगा, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांच्या भावना समजू शकतो. ही ‘भावना समजू शकतो’ची भाषा मला आता पाठ झाली आहे. तिच्यानंतर काहीच होत नाही.

एप्रिल लागला आणि आमची सरासरी वितळली. पुण्यात बसून जळगावचा उन्हाळा तक्त्यात दिसत नाही. थंडीत घरून काम करायला माणसांना गोड वाटलं होतं. आता सकाळी अकरानंतरच घरातला कूलर नुसती गरम वाफ फेकायला लागला, पत्र्याच्या घरांत तर लॅपटॉपच आधी बंद पडायचे. आणि ऑफिसात एसी. मग काय, ज्यांचा वार होता ते आले, ज्यांचा नव्हता तेही आले. एकाने तर बायकोलाही आणलं. तिचं दुसऱ्या कंपनीचं काम होतं, ती शांतपणे कोपऱ्यात बसून करत होती. मी तिला जायला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. एसी आपला दम लागेपर्यंत चालायचा आणि इतक्या माणसांपुढे दुपारी हात टेकायचा. आणि आमच्या डोक्यावरचा अख्खा मजला कुलूप लावून रिकामा पडला होता. घरमालकाला भाडेकरू मिळाला नव्हता. जिन्यात बसलेल्या माणसांच्या पाठी त्याच कुलपाच्या दाराला टेकलेल्या असायच्या.

मे महिन्यातल्या एका बुधवारी अक्का आल्या. सकाळची एसटी धरून, एरंडोल-पारोळ्याच्या त्या रस्त्याने, डोक्याला ओला रुमाल बांधून. अंगठा लावला आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांनी जागा आठवडाभर आधी धरली होती, मी स्वतः तपासली होती. तिथे विशीतला एक मुलगा कानात इअरफोनचे बोळे घालून बसला होता. मी त्याला उठायला सांगितलं. तो म्हणाला, त्याची जागा दुसऱ्याने घेतली म्हणून तो इथे बसला. त्या दुसऱ्याकडे गेले तर त्याची तिसऱ्याने घेतली होती. अशी मी टेबलाटेबलाने अख्खा हॉल फिरले आणि साखळीचं शेवटचं टोक मला सापडलं नाही. शेवटी मी नानांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, नाना, आजच्या दिवस तुम्ही पँट्रीत बसा, अक्का लांबून आल्या आहेत. नानांनी वर बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, “मला ही एकच जागा आहे. ती मागू नका.”

मला इतका राग आला की मी तशीच वळले. अक्का पाण्याच्या जारशेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पिशवी खांद्यावर तशीच. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एरवी ऑफिसात त्या शुद्ध बोलतात, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून घरची बोली आली. “माले बसाले जागा नही शे, मंग मी कसाले थांबू?” एवढं म्हणून त्या जिना उतरायला लागल्या.

मी मागोमाग गेले. स्टँडच्या दिशेने त्या भर उन्हात चालायला लागल्या होत्या आणि मी स्कूटर त्यांच्या बाजूने हळूहळू चालवत त्यांना थांबायला सांगत होते. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असणार, दोघी बहिणी भांडून निघाल्या आहेत. त्या म्हणाल्या, घरी जाऊन रात्री काम करीन, तुमच्यावर रुसले नाही. पण त्यांच्या पिशवीत लॅपटॉप होता, पोळीभाजीचा डबा होता, आणि परत धुळं म्हणजे पुन्हा अडीच तास. मी म्हटलं, अक्का, बसा मागे. त्या बसल्या. कुठे न्यायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. स्कूटर आपोआप पिंप्राळ्याला, माझ्या घराकडे वळली.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि उन्हाळ्यात दिवसभर हॉलमध्ये कूलरपुढे क्रिकेट बघतात. मी त्यांना सांगितलं, या आमच्या धुळ्याच्या अक्का, आज इथे काम करतील, टीव्हीचा आवाज बंद करा. त्यांनी रिमोट उचलून आवाज बंद केला आणि अक्कांसाठी पाणी आणलं. जेवणाच्या टेबलावरचं लोणच्याचं तबक मी बाजूला केलं, वायर लावून दिली आणि ऑफिसात परत गेले. संध्याकाळी आले तर अक्कांनी दिवसाचं सगळं काम संपवलं होतं आणि ह्यांच्याकडून हातवारे करत मॅच समजावून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पण त्यांचा अंगठा लागला होता ना? मी म्हटलं, लागला होता. ते म्हणाले, मग हजेरीचा प्रश्न नाही. मी फोन ठेवला आणि पाण्याचे रिकामे जार मोजायला गेले.

त्यानंतर ते नेहमीचंच झालं. बुधवारी आणि शुक्रवारी अक्का ऑफिसात यायच्या, अंगठा लावायच्या आणि रिक्षा करून माझ्या घरी जायच्या. पुढे धुळ्याची आणखी एक मुलगी त्यांच्याबरोबर यायला लागली. तुम्ही म्हणाल, बुधवारचं समजलं, शुक्रवारी तर ऑफिस रिकामं असतं. असतं. पण पुण्याहून दुसरा हुकूम आला होता, की दहापेक्षा कमी माणसं असतील तर एसी लावायचा नाही. शुक्रवारी दहा भरत नसत, म्हणून एसी नसे. एसी नाही म्हणून येणारे अजून कमी होत. मे महिन्यात त्या बंद हॉलमध्ये बसणं म्हणजे पापडासारखं वाळत बसणं. नाना तेवढे बसायचे, पंचा ओला करून मानेवर टाकून.

अशाच एका शुक्रवारी पंखा लावून आम्ही दोघंच बसलो असताना नाना आपणहून बोलले. त्यांचा मुलगा पुण्याच्याच एका कंपनीत आहे आणि तो आता कायमचा घरून काम करतो. घराच्या दोन खोल्या. एकीत मुलगा दार लावून परदेशातल्या लोकांशी बोलतो, आणि दुसरीत आवाज होऊ नये म्हणून नानांची बायको कुकरची शिट्टीही काढून ठेवते. “मी घरी असलो की सगळे श्वास धरून बसतात,” नाना म्हणाले. “खोकलो तर सून दारातून बघते.” एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागले. त्या बुधवारचा माझा राग तेव्हा संपला असं मी म्हणणार नाही, पण त्याचं तोंड नानांकडून वळलं. कोणाचं घर ऑफिसात घुसलं होतं आणि कोणाचं ऑफिस घरात, आणि त्याच्या मधल्या जागेचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नव्हता.

मे संपायच्या आत साहेब स्वतः जळगावला आले. कोणता दिवस निवडावा? शुक्रवार. शनिवार-रविवार जोडून त्यांना पुढे अजिंठ्याला जायचं होतं. ते येणार म्हणून मी सकाळपासून एसी लावून ठेवला होता. ते गार हॉलमध्ये शिरले, रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली आणि खूश झाले. म्हणाले, किती प्रसन्न वातावरण आहे, आणि बघा, मी सांगत होतो, इथेसुद्धा अजून जागा उरते. या हॉलच्या मध्ये भिंत घालून निम्मा भाग सोडता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. हातात मोजपट्टी असती तर त्यांनी तिथेच मोजलं असतं.

मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. मी म्हटलं, साहेब, जेवायची वेळ झाली आहे, आमच्या घरी चला, आमरस केला आहे. ते नको नको म्हणत होते, पण मांडे मागवले आहेत म्हटल्यावर निघाले.

घरी आमचे हे दारातच उभे होते. आत जेवणाच्या टेबलावर अक्का आणि ती दुसरी मुलगी समोरासमोर बसून काम करत होत्या. दोन लॅपटॉप, वायरींचं जाळं, चार्जर मिक्सरच्या बटणाला. टीव्हीवर मुकी मॅच चालू. साहेबांनी आधी नमस्कार केला, त्यांना वाटलं आमच्या नात्यातल्या बायका आहेत. मग अक्कांच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र दिसलं आणि ते थांबले.

“तुम्ही इथे कशा?” त्यांनी विचारलं.

अक्का उभ्या राहिल्या. त्यांनी शुद्ध मराठीत, सावकाश सांगितलं, “साहेब, मी सकाळी सहाला धुळ्याहून निघते. ऑफिसात जाऊन अंगठा लावते. मग या मॅडमच्या घरी येऊन काम करते आणि संध्याकाळी परत धुळ्याला जाते. माझं घर धुळ्यात आहे, तुमच्या दोन खोल्या धुळ्यात आहेत. मी नेमकी कुठे जाते आहे, ते मलाच कळत नाही.”

मी म्हटलं, लॅपटॉप उचला, पानं मांडायची आहेत. मग आम्ही सगळे त्याच टेबलावर जेवलो. साहेबांनी आमरस दोनदा घेतला आणि बोलले फार कमी. निघताना मी त्यांना म्हटलं, “पुढच्या वेळी बुधवारी या. मी तुम्हाला पंगतीत बसवते.” त्यांनी मान हलवली. ते हसले नाहीत, आणि मीही थट्टा केली नव्हती.

जूनच्या सुरुवातीला मेल आला. धुळ्याच्या जागेचा करार अजून संपलेला नव्हता, त्यामुळे दोनपैकी एक खोली ठेवायची असं ठरलं. पण ते असं साधं लिहिलेलं नव्हतं. ‘कर्मचाऱ्यांच्या घराजवळ छोटी केंद्रं’ ही कंपनीची नवी कल्पना असून तिचा पहिला प्रयोग धुळ्यात होणार, असं त्यात होतं. मोठ्या मीटिंगमध्ये साहेबांनी ती कल्पना चित्रं दाखवून समजावून सांगितली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अक्कांचा मेसेज आला, “आपलीच खोली आपल्याले नवी करीसन दिनी.” त्यांनी खिडकीपाशी आपली खुर्ची लावली. आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज परत लावला, पण बुधवारी दुपारी ते सवयीने चहा तीन कप टाकतात.

नानांचं टेबल मी कागदपत्रांच्या खोलीत, जिथे कोणालाच बसायचं नसतं तिथे, हलवलं आणि ते यादीतून काढून टाकलं. तिथे उजेड कमी आहे अशी त्यांची तक्रार आहे. मी दिवा लावून दिला. आता तो डोळ्यावर येतो म्हणतात.

एवढ्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. पण कंपनीत वरची माणसं बदलली, आणि नव्या माणसांना माणसं समोर बसलेली आवडतात. आता सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं, असं ठरलं आहे. साहेबांनी हे मला हळू आवाजात सांगितलं. मी विचारलं, साहेब, बसवू कुठे? ते म्हणाले, वरचा मजला परत बघा ना. वरच्या मजल्यावर आता दहावी-बारावीचे क्लास चालतात. घरमालकाने भाडंही वाढवलं आहे.

मी वर गेले. क्लासचे सर भले आहेत. त्यांनी सांगितलं की सकाळची बॅच दहाला सुटते आणि संध्याकाळची चारनंतर सुरू होते, मधल्या वेळात हॉल नुसता पडून असतो, तुम्हाला हवा तर घ्या. पुण्याहून लगेच होकार आला. तेव्हापासून आमची निम्मी माणसं दुपारी वर जाऊन पोरांच्या बाकांवर बसतात. उंच माणसांचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत. चार वाजता खालच्या पायऱ्यांवर पोरांची गर्दी होते आणि आम्हाला उठावं लागतं. सरांची अट एकच आहे, फळ्यावरचं पुसायचं नाही. त्यामुळे परावर्तनाच्या किरणाकृतीखाली बसून आमची माणसं दाव्यांची कागदपत्रं तपासतात. काल एकाने मला विचारलं, मॅडम, या बाकांवर जागा आधी धरता येतात का? मी पाण्याचा जार वर पाठवायला खाली आले.